माहितीपुस्तिकेवरची बाई

माझी मोठी बहीण विद्यापीठात गणित शिकवते. आठ वर्षं ती तिथे तात्पुरती होती. सुट्टी लागली की नोकरी संपायची, वर्ग सुरू झाले की पुन्हा नेमणूक. विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेवर मात्र दरवर्षी तीच! अंगात पांढरा कोट, हातात सूक्ष्मदर्शक. गणिताच्या बाईला सूक्ष्मदर्शकात काय बघायचं असतं, देव जाणे. फोटोवाला म्हणायचा, "मॅडम, पांढऱ्यावर तुमचा रंग काय उठून दिसतो!"

आमचे आजोबा पोटासाठी समुद्रापलीकडून इथे आले. आई इथली, आम्ही इथल्या, तरी आमचा काळा रंग बघून लोक अजून विचारतात, "मूळच्या कुठल्या तुम्ही?" कायमच्या जागेसाठी ताईची पहिली मुलाखत झाली तेव्हा म्हणाले, मुलं लहान आहेत, झेपायचं नाही. दुसऱ्या वेळी म्हणाले, उच्चार विद्यार्थ्यांना कळत नाहीत. अरे, तिचा जन्म विद्यापीठासमोरच्या सरकारी दवाखान्यातला! दोन्ही वेळा जागा गेली ती तिच्या मागून आलेल्या गोऱ्यागोमट्या पुरुषांना. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

तिसरी मुलाखत आठवड्यावर आली आणि विभागप्रमुखांनी पुन्हा फोटोवाला बोलावला. कोट खुर्चीवर तयार होता. ताईने त्याला हात लावला नाही.

"ज्या बाईला तुम्ही नोकरीत कायम करत नाही, ती फोटोत कशाला हवी?"

"मॅडम, फार ताणू नका. मुलाखत तोंडावर आलीय," विभागप्रमुख गोड आवाजात म्हणाले. साखरेत घोळवली म्हणून धमकी काही कमी होत नाही.

घरी आईने कपाळावर हात मारला. "एका फोटोनं काय झिजणार होतीस गं? हातातोंडाशी आलेला घास घालवलास." मला आईचाही राग आला. पण तिने जन्मभर खाली मान घालून लोकांची ऑफिसं पुसली, तिला दुसरं काय सुचणार?

मुलाखतीत विभागप्रमुखांनी तोच जुना प्रश्न काढला. "मुलांना कोण सांभाळतं?"

ताई म्हणाली, "बाहेर चार पुरुष बसलेत. मुलं त्यांनाही आहेत. त्यांना विचारून या, मग मी सांगते."

कुणी खाकरलं, कुणी पाणी प्यायलं. शेवटी बाहेरून आलेल्या वयस्कर परीक्षक बाई म्हणाल्या, "खडू घ्या हो. तुमचं संशोधन समजावून सांगा." ताईने फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. परीक्षक बाई खुर्ची ओढून पुढे येऊन बसल्या, मध्येच उठून फळ्याजवळ गेल्या. विभागप्रमुख घड्याळ बघत होते. नंतर परीक्षक बाईंनी हट्टच धरला, हिला डावललं तर मी निकालावर सही करणार नाही.

जागा ताईला मिळाली. आम्ही रडलो, हसलो, आईने तर शेजारपाजारच्या सगळ्यांना सांगितलं.

ताई कामावर रुजू झाली त्याच दिवशी विभागप्रमुख स्टाफरूममध्ये चहा ढवळत सगळ्यांदेखत म्हणाले, "चला, एका दगडात दोन पक्षी! विभागात बाईही आली आणि काळीही आली. नशीबवान आहात, मॅडम." दोघंतिघं हसले. आठ वर्षं असल्या हसण्यात ताईही तोंडदेखलं हसायची.

त्या दिवशी नाही हसली. "सर, बाई म्हणून आणि काळी म्हणून आठ वर्षं बाहेर ठेवलंत. आता म्हणता, त्याचसाठी आत घेतलं. मग माझं गणित तुम्ही कधी बघितलंत?"

विभागप्रमुख चहा ढवळत राहिले.