पात्याचं पाणी

२० जुलै. डब्यांसाठी भोपळा चिरायला घेतला आणि सुरी सालीवरूनच घसरली. माझे यजमान, बसवराज, जाऊन महिना उलटला. ते असताना घरातली सुरी बोथट झालेली मला आठवत नाही. फळीवर त्यांचं शेवटचं पातं होतं, धार काढायची तेवढी राहिलेली. दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी "उद्या करू" म्हणून त्यांनी ते ठेवलं होतं. मी ते हातात घेतलं, परत ठेवलं. बिघडलं तर त्यांच्या हातचं दुसरं आणायचं कुठून...

औशाकडं त्यांचं जीपगाड्यांचं गॅरेज होतं. भूकंपात शेजाऱ्यांच्या घराचे दगड उपसताना त्यांचे दोन्ही हात एका दगडाखाली सापडले. हात वाचले, पण बोटांची जाणीव गेली ती गेलीच. उकळत्या चहाचा पेला धरला तरी कळायचं नाही. पुढं आम्ही लातूरला आलो. क्लासची पोरं गल्लोगल्ली भरायला लागली होती. मी खानावळ काढली. रोज ढीगभर कांदे, आणि बाजारातल्या सुऱ्या लगेच थकायच्या. मग यांनी सुऱ्या घडवायला मोडक्या जीपचा कमानपाटा, चाकावरची ती पोलादी पट्टी, आणला आणि न्हाणीमागं मोटारीवर दगडी चाक बसवलं.

पहिल्या सुऱ्या सगळ्या वाया गेल्या. पोलाद लाल तापवून तेलात बुडवलं की कडक होतं. बुडवतात तेलात, पण म्हणतात पाणी दिलं. नंतर चाकावर घासताना ते जास्त तापलं तर दिलेलं पाणी उतरतं. आधी पिवळट झाक येते, मग निळी, आणि निळं पडलं तिथं धार टिकत नाही. धारेची कड पातळ, ती सगळ्यात आधी तापते. डोळ्यांना रंग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, बोटांना आधी कळतं. त्यांच्या बोटांना कळत नव्हतं.

म्हणून मी बसायला लागले. मुठीकडून ते धरत, टोकाकडून मी, हातमोजे न घालता. जरा ऊन लागलं की मी म्हणायची, "पाणी." पातं बादलीत जायचं.

"भाजलं का?"

"न्हाई. पण रेटू नका. चाक भुशानं बुजलंय, आधी ते घासून घ्या."

"बरं, मालकीणबाई."

शेजारचे रहीमभाई सत्तूर धारेला घेऊन आले आणि मी स्वयंपाकात असले की हे सांगायचे, "थांबा, माझा थर्मामीटर पोरांना वाढून राहिलाय." रहीमभाई म्हणायचे, "भाबीबगैर चाक चालू करू नका मिस्त्री, सत्तूर लई कामाचा हाय."

गोड बोलणं आमच्यात फारसं झालं नाही. एकाच पात्याची दोन टोकं धरून बसलो, एवढंच. माझं ध्यान कुकरकडं गेलं आणि टोक निळं पडलं की ते विचारायचे, "कुठं लक्ष हाय तुझं?" मी म्हणायची, "तुमच्याच पोटात जायच्या भाताकडं."

परवा रहीमभाई म्हणाले, "भाबी, ते पातं धारवाल्याकडं देऊन टाका." द्यायला हरकत नव्हती. पण पात्याच्या पलीकडून येणारा त्यांचा जोर अजून माझ्या बोटांत आहे. तो धारवाल्याकडं कसा देऊ...

२१ जुलै. सकाळी चूल पेटवायच्या आधी मी बादली भरली, चाक घासून घेतलं आणि एकटीच बसले. दोन्हीकडं माझीच बोटं. पहिली बाजू नीट झाली. दुसऱ्या बाजूला टोकाशी जरा जास्त थांबले, आणि तेवढ्यात निळं पडलं. मोटार बंद केली. तशीच बसून राहिले, ते विचारतील म्हणून... चाक फिरायचं थांबलं तरी कुणी काही विचारलं नाही. मग मोटार परत चालू केली, दर फेरीला बुडवत निळं तेवढं घासून काढलं, आणि आखूड झालेल्या त्या सुरीनं डब्यांची वांगी चिरली.