तुळशीपाशी मोठ्यानं इंग्रजी

चहा घेता घेता ऐका, पण हसलात तर पुढचं सांगणार नाही. इंग्रजी सुधारायला निघाले आणि माझाच संसार मोडायच्या बेतात आणला.

पर्वत पाटिया भागात साड्यांच्या एका पेढीत मी ऑर्डरी सांभाळते. गुजराती येतं, हिंदी येतं, घरी अहिराणी आहेच. पण दक्षिणेतल्या व्यापाऱ्यांनी फोनवर इंग्रजी सुरू केलं, की मी "यस, यस" करत फोन शेठकडे द्यायची. शेवटी शेठ वैतागले. "सुनंदाबेन, हवे तमे ज वात करो." म्हणजे यापुढं मीच बोलायचं.

लेकीनं उपाय सांगितला. "मम्मी, रोज सकाळी मोठ्यानं बोलत जा. चुकलं तरी थांबायचं नाही."

मग काय, गॅलरीत तुळशीला पाणी घालता घालता माझा सराव सुरू झाला. आमच्या धंद्यात माल पाठवला की 'माल सोडला' म्हणतात. म्हणून मी खणखणीत आवाजात म्हणायची, "आय ॲम लीव्हिंग यू. टुडे ओन्ली आय ॲम लीव्हिंग यू. नो मोअर वेटिंग. फायनल." म्हणजे, तुमचा माल आजच सोडते, आता ताटकळायला नको. बरोबर आहे की नाही? मला तरी बरोबरच वाटत होतं.

शेजारच्या गॅलरीत ज्योत्स्नाबेन कपडे वाळत घालायच्या. त्या हल्ली माझ्याकडं फार मायेनं बघायला लागल्या. एकदा खमण घेऊन आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "बेन, गुस्सो थूकी नाखो. पुरुष तो एवा ज होय."

राग थुंकून टाका, पुरुष असेच असतात, हे त्या शेठबद्दल बोलतायत असं मला वाटलं. मी म्हटलं, "राग कसला? माझं ठरलंय. फक्त तोंडावर बोलायची हिंमत गोळा करतेय."

त्यांनी डोळ्याला पदर लावला.

रविवारी बमरोलीहून मोठे दीर आणि जाऊबाई न कळवता हजर. मी पोहे केले, कुणी हात लावेना. जाऊबाई माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"काय व्हयनं वं सुनंदा? माले सांग."

"काही नाही हो ताई."

तेवढ्यात बाहेरून दिरांचा आवाज आला, "खरं बोल, हात उचलतोस का तिच्यावर?"

हात? अहो, आमचे हे डास मारायलासुद्धा मला हाक मारतात.

"ज्योत्स्नाबेनचा फोन होता," जाऊबाई हळूच म्हणाल्या. "तू रोज सकाळी नवऱ्याला सोडून जायचं म्हणतेस. तेही इंग्रजीत. अर्थ आमच्या सुनेनं सांगितला."

माझ्या हातातलं उलथनं हवेतच राहिलं. मग बाहेर येऊन मी व्यापारी, माल, तुळस, सगळं सांगितलं. दीर इतके हसले, की पोहे त्यांना ठसक्यासकट खावे लागले.

पाहुणे गेल्यावर मात्र माझ्या डोक्यात किडा वळवळला. हे तर रोज सकाळी गॅलरीच्या दाराशीच पेपर वाचत बसतात.

"अहो, तुम्ही ऐकत होतात ना?"

"रोज."

"बायको सोडून जाते म्हणतेय, आणि तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"पहिल्या दिवशी वाटलं," पेपरातून मान वर न करता हे म्हणाले. "मग म्हटलं, इंग्रजी हिचं आहे. हिला नक्की दुसरंच काहीतरी म्हणायचं असेल."