आत्या गप्प बसली तेव्हा

कौसाआत्या गेल्याचा तिच्या मुलाचा, विलासदादाचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. ‘‘सकाळचा चहा घेतला, जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही,’’ एवढंच तो बोलला. जिथे हळू आवाजात बोलावं लागतं अशा जागी तिच्या मरणाची बातमी यावी, हे आत्याला मुळीच पटलं नसतं. पिंपरी पेंढारच्या मळ्यातून तिने विहिरीकडे हाक मारली की दोन शेतं पलीकडचा माणूसही वर बघायचा. आज पाच आठवडे झाले. तिच्याबद्दल लिहायला बसले की डोळ्यांसमोर सारखं जंगलच येतं, आणि रडूऐवजी हसू येतं...

माझे वडील, अण्णा, शिनोलीला प्राथमिक शिक्षक होते. आत्या त्यांची थोरली बहीण. अण्णांना जंगलाचं वेड होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यात, मी चौथीची परीक्षा दिल्यावर, त्यांनी ताडोबाला जायचं ठरवलं. आत्याकडचा उन्हाळी कांदा काढून बराखीत भरून झाला होता, त्यामुळे तीही निघाली. मी, आई, अण्णा आणि आत्या. आत्याने चार दिवसांच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लसणाचा ठेचा बांधून घेतला होता. ठेच्याचा वास गाडीच्या अख्ख्या डब्यात पसरला आणि वर्ध्यापर्यंत निम्मा डबा तिच्या ओळखीचा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याच्या जीपमधून जंगलात शिरलो. वाटाड्याने बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं. एका वळणावर तो हळूच म्हणाला, ‘‘डावीकडं... वाघ.’’ मी उजव्या बाजूला बसले होते. वळून बघेपर्यंत आत्या उभी राहिली, हातातला स्टीलचा डबा जीपच्या दांडीवर दणादणा आपटला आणि ओरडली, ‘‘हाऽऽड! व्हय तिकडं! हाऽऽड!’’

मला हलणारे बांबू तेवढे दिसले.

यात आत्याची चूक होती असं आज वाटत नाही. आमच्याकडे उसात बिबट्या असतो, आणि त्यालाही लोक वाघच म्हणतात. तो दिसला की डबा, घमेलं, जे हाताशी असेल ते वाजवायचं आणि ओरडायचं. बांधावरून एकटं जातानाही मोठ्यांदा बोलत जायचं, हे तिथे लहान पोरालाही शिकवतात. आत्याने पन्नास वर्षं तेच केलं होतं. पण वाटाड्याला हे कुठून माहीत असणार? तो कपाळावर हात मारून म्हणाला, ‘‘बाई, तुम्ही वाघ पाहाले आल्या का हाकलाले?’’

‘‘मग काय हळदीकुंकू लावायचं व्हय त्याला?’’ आत्या म्हणाली. अण्णा हसून हसून बेजार झाले. मी मात्र रडत होते. महिनाभर वहीत वाघाची चित्रं काढत होते मी. आत्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. विश्रामगृहावर परतल्यावर तिने मला जवळ ओढलं. ‘‘सुमे, तुझा वाघ मी घालवला. आता मीच दाखवीन तुला. तवर माझ्या जिवाला सुख न्हाई.’’

मोठी माणसं असं बोलतात आणि विसरतात. आत्या विसरली नाही.

पुढच्याच दिवाळीत ती शिनोलीला आली आणि अण्णांना म्हणाली, ‘‘दादा, मला गप बसायला शिकीव.’’ धाकट्या भावालाही ती दादाच म्हणायची. अण्णांनी तिला भीमाशंकरच्या जंगलात नेलं, शेकरू बघायला. एका झाडाखाली आम्ही बसलो, अण्णांनी घड्याळ हातात धरलं. आत्या आठ मिनिटं गप्प राहिली. मग वरच्या फांदीवरून तांबडी शेपटी झुलवत शेकरूने उडी घेतली आणि आत्या ओरडली, ‘‘अगं बया, केवढी ही खार!’’ शेकरू पसार. अण्णांनी शिक्षकाच्या आवाजात निकाल सांगितला, ‘‘नापास.’’ त्यानंतर ती दर वर्षी सरावाला यायची. आठाची बारा मिनिटं झाली, बाराची वीस. मधल्या वर्षांत आम्ही मेळघाटला गेलो, नागझिऱ्याला गेलो. गवे पाहिले, अस्वलाची पाठ पाहिली. नागझिऱ्यात रानकुत्र्यांचा कळप बघून आत्या विसाव्या मिनिटाला फुटली आणि ‘‘यू यू यू’’ करत त्यांना दशमी दाखवू लागली. वाघ मात्र दिसला नाही. गावात लोक तिला विचारायचे, ‘‘काय मावशे, औंदा तरी दिसला का?’’ ती म्हणायची, ‘‘दिसंल की! त्यो काय पळून जातोय?’’ त्यावर कोणीतरी हमखास म्हणायचं, ‘‘तू असल्यावर पळूनच जातोय!’’

मग बिबट्यांचा तो वाईट काळ आला. तालुक्यात रोज कुठेतरी हल्ला झाल्याचं ऐकू यायचं. एका संध्याकाळी सुनंदावहिनी, म्हणजे विलासदादाची बायको, उसाच्या कडेला वाकून गवत कापत होती. आत्या घराच्या ओट्यावर होती. ऊस हलताना तिने पाहिला आणि तिथूनच अशी आरोळी ठोकली की वहिनीच्या हातून विळा पडला आणि बिबट्या मागच्या मागे वळला. वहिनी आजही सांगते, ‘‘आत्याबाईंच्या नरड्यानं वाचले मी.’’ तेव्हा कुठे मला कळलं, मी आत्याकडे काय मागत होते. ज्या आवाजाने घर राखलं, तोच तिने वाघासमोर गिळायचा होता. मी तिला म्हटलं, ‘‘आत्या, राहू दे आता. मला नाही बघायचा वाघ.’’ ती चिडली. ‘‘तू नगं बघू. मला दाखवायचाय!’’

माझी बारावी झाल्यावर, मे महिन्यात, पुन्हा ताडोबा. या वेळी आत्याने डबा घेतलाच नाही, दशम्या फडक्यात बांधल्या. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर पाणवठ्याजवळ जीप बंद करून बसलो. ऊन, धूळ आणि पाण्यावर घोंघावणाऱ्या माश्या. अण्णांनी सवयीने घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं. चाळीस. मी आत्याकडे पाहिलं, तर तिने पदराचा बोळा करून तोंडात घातला होता आणि दातांत घट्ट धरला होता.

आणि वाघीण आली. घाईगडबड नाही, आवाज नाही. पाण्याशी येऊन तिने आमच्याकडे पाहिलं, मग पाठ फिरवली आणि न्हाणीत अंघोळीला बसावं तशी मागे सरकत सरकत पाण्यात बसली. तिच्या मिश्यांवरचे थेंबही मला दिसत होते. आत्याने माझा दंड पकडला होता. तिच्या घशातून काहीतरी वर येत होतं आणि ती ते परत ढकलत होती. वाघीण पाऊण तास बसली. आत्याही बसली. शेवटी वाघीण उठली, अंग झाडलं आणि बांबूत दिसेनाशी झाली, तरी आत्याने तोंडातला पदर काढला नाही. फाटकापर्यंत नाही. फाटकाबाहेर जीप थांबली तशी ती खाली उतरली, तोंड मोकळं केलं आणि सगळा साठवलेला आवाज एकदम सोडला, ‘‘दिसलाऽऽऽ! माझ्या सुमीला वाघ दिसलाऽऽऽ!’’

झाडावरची वानरं सैरावैरा पळाली. वाटाड्या दचकून म्हणाला, ‘‘आई, हे सगळं एवढा वेळ कुठं ठेवलं होतं?’’ अण्णांनी रुमालाने डोळे पुसले आणि मोठ्यांदा जाहीर केलं, ‘‘पास! पहिला नंबर!’’ माझ्या दंडावर तिची चार बोटं उमटली होती. परत आल्यावर तिने गावात घरोघर पेढे वाटले. बारावीच्या निकालाचे असतील असं समजून लोकांनी मार्क विचारले. ‘‘निकाल लागायचाय अजून,’’ आत्या सांगायची, ‘‘हे वाघाचे हाईत.’’

मागच्या आठवड्यात पिंपरी पेंढारला गेले होते. संध्याकाळी सुनंदावहिनी चहा घेऊन मागच्या दाराच्या पायरीवर आली. तिने सांगितलं की ताडोबाहून आल्यापासून इतकी वर्षं आत्या रोज तिन्हीसांजेला या पायरीवर बसायची, एक शब्द न बोलता. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, बरं नाही की काय. विचारलं तर म्हणायची, ‘‘गप बसल्यावर काय काय बाहेर येतं, ते बघते.’’ मला हे माहीतच नव्हतं... मी पायरीवर बसले. वहिनीही शेजारी बसली. थोड्या वेळाने गुरांसाठी लावलेल्या घासाच्या वाफ्यातून एक लांडोर बाहेर आली, तिच्या मागे चार पिल्लं. आमच्यापासून हाताच्या अंतरावरून ती सावकाश चालत गेली. हातातला चहा निवत होता, पण आम्ही दोघी हललो नाही.