तात्यांची डाय आणि पिवळी वायर

वरोरला तात्यांच्या ओटीवर सकाळपासून टिक् टिक् चालायची, ती दोन महिने बंद होती. शेजारणी त्यांच्या बायकोला, नर्मदाकाकूंना विचारायच्या, "तात्या गावाला गेले काय गो?"

"हायेत घरातच. तोंड पाडून बसलेत."

तात्या डाय कोरायचे. लोखंडाचा ठसा तो. त्यावर सोन्याचा पातळ पत्रा दाबला की पत्र्यावर पान-फूल उठतं. बोटाच्या पेराएवढ्या जागेत अख्खी वेल कोरायची, तीही उलटी. चाळीस वर्षं तात्या हेच करत आले. कोणी विचारलं तर म्हणायचे, "लोखंडाला गुदगुल्या करतो, दुसरं काय."

मग रक्तातल्या साखरेनं डोळ्याचा पडदा धरला. डॉक्टर म्हणाले, उरलंय ते टिकेल, गेलेलं परत येणार नाही, मोठं करून बघता आलं तर बघा. पण भिंग जवळ धरावं तर खाली छिन्नी फिरवायला जागा उरेना.

हाताखाली एक डाय अर्धवट राहिलेली. कमळाच्या सात पाकळ्या झालेल्या, आठवीच्या शिरा बाकी. दुसऱ्या कारागिराला देऊन चालत नाही. हात बदलला की रेघ बदलते, सोनाराला लगेच कळतं. शनिवारपर्यंत आठवी पाकळी उतरली नाही तर डाय अर्धीच परत करायची नि हातोडी माळ्यावर टाकायची, असं तात्यांनी ठरवून टाकलं होतं.

मुलगा देवेश तारापूरला कंपनीत कामाला. मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे असतो तसला स्टँडवरचा कॅमेरा त्यानं आणला नि घरच्या जुन्या डबा टीव्हीला पिवळ्या वायरीनं जोडला. डाय ताटाएवढी दिसली, पण गढूळ. देवेशला वाटलं, टीव्हीच बारका. त्यानं त्रेचाळीस इंची नवा घेतला, खोक्यावर 'फोर के' छापलेला. भिंतीला लावायला दुकानाचा माणूस येईपर्यंतही धीर नव्हता. टेबलावर ठेवून जुनीच पिवळी वायर खोचली. आता डाय परातीएवढी झाली, नि गढूळपणाही परातीएवढा.

"बाबा, दिसतंय ना?"

"दिसतंय रे," तात्या म्हणाले. पोराचं मन कोण मोडणार.

दुसऱ्या दिवशी देवेश कामावर गेल्यावर दुकानाचा माणूस आला, तो निघाली सुकी. तलासरीकडच्या पाड्यावरची, आयटीआय झालेली, खांद्याला ड्रिल मशीनची पिशवी. भिंतीला भोकं पाडता पाडता तिची नजर वायरीवर गेली.

"तात्या, ही कोणी लावली?"

"पोरानं. का गो?"

"टीव्ही मोठा झाला, चित्र नाय झालं. ह्या वायरीतनं साडेपाचशे-पावणेसहाशे ओळी येतात, बस. आमच्याकडं आवणी करतात ना भाताची? एका खाचराची रोपं चार खाचरांत लावली तर काय दिसेल?"

"चिखल," काकू आतून म्हणाल्या.

"हां. तोच चिखल बघत बसलेत तात्या."

तिनं कॅमेऱ्याचं खोकं उलटं केलं. तळाशी प्लास्टिकमध्ये एक चपटी, रुंद तोंडाची वायर, न उघडलेली. जुन्या टीव्हीला त्या तोंडाचं भोकच नव्हतं, म्हणून देवेशनं बाजूला टाकलेली. "एचडीएमआय. ह्याच्यातनं हजार ऐंशी ओळी येतील. टीव्ही त्याच्या दुप्पट दाखवू शकतो, पण कॅमेऱ्याची धाव तेवढीच. तुम्हाला पुरे."

वायर बसली नि तात्या खुर्चीतून अर्धे उठले. सातही पाकळ्या लख्ख, त्यांच्याच छिन्नीच्या खुणा. पण दुसऱ्याच क्षणी कपाळाला आठी पडली.

"ही कडेची पांढरी रेघ कोणाची? ही मी मारलेली नाय."

सुकी हसली. "टीव्हीनं मारलीय. कडा उठावदार करायचा शार्पनेस कोणीतरी पार वर चढवून ठेवलाय." तिनं रिमोट दाबला, रेघ गेली. "तुमची नजर गेली म्हणतं कोण?"

तात्यांनी छिन्नी उचलली, फुकट गेलेल्या तुकड्यावर हातोडी मारली. टिक्. पडद्यावरची छिन्नी क्षणभरानं हलली. पुन्हा टिक्, पुन्हा तसंच. तिसऱ्या ठोक्याला छिन्नी घसरली.

त्यांनी हातोडी खाली ठेवली. "नाय जमणार, बाय. हात पुढं नि चित्र मागं. कमळावर असा ओरखडा गेला तर सातही पाकळ्या मातीत."

सुकीचं भिंतीचं काम संपलं होतं, दुकानातून दोन फोन येऊन गेले होते. तिनं फोन पालथा ठेवला नि रिमोट घेऊन जमिनीवर बसली. "टीव्ही आधी चित्राला पावडर-टिकली करतो, मग बाहेर पाठवतो. त्यात उशीर होतो. गेम मोड लावते. आहे तसं दाखवील."

"ह्या वयात गेम," काकू म्हणाल्या.

टिक्. छिन्नी तिथंच हलली. टिक् टिक्. तात्यांचा हात काही वेळ चाचपडला, मग वाट सापडलेल्या बैलासारखा चालू लागला. सुकी कधी गेली ते त्यांना कळलं नाही. काकूंनी तिला आग्रहानं जेवायला बसवलं होतं म्हणे.

शुक्रवारी दुपारी आठवी पाकळी उतरली. तात्यांनी डाय मेणावर दाबली, मेण अंगठ्यानं चाचपलं. आठवी कुठली ते बोटाला ओळखता येईना. तेव्हा कुठं ते देवेशला फोन करून म्हणाले, "आता खरं दिसतंय रे. टीव्ही चांगला आणलास."

दसऱ्याला तात्यांच्या घरी हत्यारं पुजतात, नि पहिला नारळ ज्यानं हातात हातोडी दिली त्या उस्तादाचा. उस्ताद वारल्यापासून तो नारळ समुद्रात जायचा. यंदा तात्या नारळ घेऊन बसनं तलासरीला उतरले, विचारत विचारत सुकीच्या पाड्यावर गेले.

सुकी संकोचली. "मला कशाला, तात्या? वायर तर तुमच्याच खोक्यात होती."

"उस्तादानं तरी काय, हातोडीच दिली होती ना?" तात्या म्हणाले. "हात माझेच होते. घे गो."

तिनं दोन्ही हातांनी नारळ घेतला, नि आईला हाक मारली, तात्यांना जेवायला वाढ म्हणून.