धाकट्याची शाखा

संपाला पाच महिने झाले तेव्हा बाबांनी रोजची दाढी करणं सोडलं. साचे खात्यात, म्हणजे मागावर, त्यांची बावीस वर्षं गेली होती. पहिल्या पाळीच्या वेळेला त्यांना अजून आपोआप जाग यायची. चहा घ्यायचे आणि लालबागच्या आमच्या खोलीच्या दारात बसून राहायचे. सभा असली, मोर्चा असला की जायचे. नसला की दिवसभर कोणाशी बोलायचे नाहीत. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते आणि महापालिकेच्या शाळेत शिकवत होते. घरात पाऊल टाकलं की आई हळूच विचारायची, "तुझ्याशी काय बोलले सकाळी?" सांगण्यासारखं काही नसायचं.

त्यांना बोलतं केलं ते आमच्या कुलवृत्तांत मंडळानं.

मंडळ काढलं होतं आमच्याच गावच्या, आमच्याच आडनावाच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. राहायचे शिवाजी पार्कला, बोलायचे पुणेरी शुद्ध, पण गावाचा विषय निघाला की डोळे चमकायचे. आमच्या कुळाची सगळी घराणी, सगळ्या शाखा एका कागदावर आणायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं. लालबागला आमच्या गावकऱ्यांचा एक गाळा होता. एरवी तिथे वीस-पंचवीस एकटे गिरणी कामगार वळकट्या टाकून राहायचे. संपात बरेचसे गावी निघून गेले आणि गाळा रिकामा पडला. तिथे दर रविवारी दुपारी मंडळाची बैठक सुरू झाली. फळ्यावरचं माझं अक्षर बघून गुरुजींनी मला नावं लिहायला बसवलं.

पहिल्या रविवारी बाबा आले ते फक्त कागदाची गुंडाळी उचलायला. कोपऱ्यात बसले. मी पट्टीनं रेघा मारत होते. तासाभरानं मागून आवाज आला, "ही रेघ वाकडी गेली हा."

"तुम्ही मारा मग," मी म्हटलं.

"माका काय कळता त्यातला?" असं म्हणत त्यांनी पट्टी हातात घेतली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी ती सोडली नाही. पुढच्या रविवारी त्यांनी मांजरपाटाचं कापड आणलं, घरी आईकडून पिठाची खळ करून घेतली आणि सुटे कागद कापडावर असे चिकटवले की अख्खी वंशावळ चटईसारखी गुंडाळता यावी. गुरुजी बघत राहिले. "हे मला सुचलं नसतं," म्हणाले. घरी जाताना जिन्यात बाबांनी मला विचारलं, "पुढच्या आयतवारी कोणती शाखा घेवची?"

आमची मूळ यादी गावच्या देवस्थानातून उतरवून आणलेली होती. तिच्यात बाबांच्या आजोबांच्या नावाखाली आमचं घराणं होतं. त्या आजोबांना एक धाकटा भाऊ होता. त्याच्या नावापुढे एकच शब्द होता: निर्वंश. मीच तो शब्द कागदावर उतरवला होता, ठळक अक्षरात.

चौथ्या की पाचव्या बैठकीला एक बाई दारात येऊन उभी राहिली. आम्ही सगळे तिला ओळखत होतो. घोडपदेवला तिची खाणावळ होती आणि आमच्या गावचे कितीतरी कामगार तिच्याकडे जेवायचे. मी तिला मावशी म्हणायची. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेला तांब्या होता.

"माझ्या घरवाल्याचं नाव लिहायचंय," ती म्हणाली.

गुरुजींनी विचारलं, "कोणती शाखा?"

तिनं आज्जेसासऱ्याचं नाव सांगितलं. बाबांच्या आजोबांचा तोच धाकटा भाऊ. गुरुजींनी चष्मा पुसला. "बाई, त्यांना मूलबाळ नव्हतं. यादीत तसं आहे."

"मूलबाळ नव्हतं?" तिचा आवाज चढला. "मग माझा सासरा काय आभाळातून पडला? आणि माझा पोर?"

मग तिनं सांगितलं. नवरा जिवंत असताना एकदा शिमग्याला मुलाला घेऊन गावी गेला होता. देवीची पालखी निघाली तसा हौसेनं खांदा द्यायला पुढे झाला. तेव्हा मानकऱ्यांतल्या एकानं त्याचा हात बाजूला केला. "ती शाखा कधीच बुडाली. तू खंयसून इलंस?" सगळ्या गावासमोर. तो त्याच दिवशी परतला आणि मरेपर्यंत गावाचं नाव काढलं नाही.

तिनं फडकं सोडून तांब्या पुढे ठेवला. काठाखाली आज्जेसासऱ्याचं नाव कोरलेलं होतं, पुढे आमचं गाव. गुरुजींनी तो उजेडात धरून नीट पाहिला.

"नाव आहे, गावही आहे. पण बापाचं नाव नाही. या नावाचे गावात आणखी असू शकतात. पुराव्याशिवाय मला नाव घालता येणार नाही, बाई. आज तुमचं घातलं तर उद्या कोणीही येईल."

मला गुरुजींचा राग आला. मावशी तांब्या परत गुंडाळू लागली. तेवढ्यात बाबांनी कोपऱ्यातून विचारलं, "घरात कोण वारला तर अस्थी खंय न्यायचे तुमचे?"

"नाशिकला," ती म्हणाली. "सासू सांगायची. सासऱ्यानं बापाच्या अस्थी नाशिकला नेल्या, तेव्हा माझा घरवाला लहान होता, बरोबर होता."

बाबा गुरुजींकडे वळले. "नाशकात भटजींकडे वह्या असतत. गेलेल्या माणसाची नावा लिवन ठेवतत."

गुरुजींनी मान डोलावली. "असतात खऱ्या. मोडीत असतात. मोडी मला येते." मग म्हणाले, "जाऊया."

त्या शनिवारी बाबांनी दाढी केली. पहाटेच्या एसटीनं आम्ही चौघं निघालो: गुरुजी, बाबा, मावशी आणि मी. रामकुंडाजवळच्या एका बोळात चौकशी करत करत आम्ही आमच्या भागाच्या उपाध्यायांच्या घरी पोचलो. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. आडनाव, गाव, तालुका. आत गेले आणि लाल कापडात बांधलेल्या तीन लांबट वह्या घेऊन आले.

दोन वह्यांत काही मिळालं नाही. तिसरी उघडली तेव्हा दुपार झाली होती. गुरुजी पानापानावरून बोट फिरवत होते. मावशी भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. एका पानावर गुरुजींचं बोट थांबलं. ते वाकले. मग अगदी वर्गात वाचावं तसं मोठ्यानं वाचू लागले. पहिलं नाव बाबांच्या आजोबांचं होतं. "मातोश्रींच्या अस्थी घेऊन आले. सोबत धाकटे बंधू. बंधूंचे कुटुंब. बंधूंस पुत्र एक. बंधू राहणार घोडपदेव, मुंबई."

कुटुंबाचं, म्हणजे बायकोचं, नाव लिहिलेलं होतं आणि पुत्राचंही. मावशीच्या सासऱ्याचं.

त्याच पानावर खाली, वेगळ्या शाईत, पुढची नोंद होती. तो पुत्र मोठा होऊन बापाच्या अस्थी घेऊन आला होता, आणि त्याच्यासोबत त्याचा लहान मुलगा. गुरुजींनी ते नाव वाचलं आणि मावशीनं तोंडावर पदर धरला. ते तिच्या नवऱ्याचं नाव होतं.

मी आनंदानं बाबांकडे वळले. ते वहीकडे बघत होते. वरच्या नोंदीखाली सहीच्या जागी एक निशाणी काढलेली होती, चार रेघांचा नांगर.

"ही कोणाची?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या आजोबांची," गुरुजी हळू आवाजात म्हणाले.

मला कळायला थोडा वेळ लागला. आजोबा भावाला घेऊन इथे आले होते. त्याची बायको पाहिली होती, मुलगा पाहिला होता, खाली निशाणी केली होती. आणि गावी जाऊन भावाला निर्वंश लिहू दिलं होतं. का, ते मावशीनंच सांगितलं. आज्जेसासू आधीच्या नवऱ्याची विधवा होती. आज्जेसासऱ्यानं गिरणगावात तिच्याशी लग्न केलं, ते भावानं आईच्या मरणापुरतं सहन केलं, पुढे नाही. "सासू सांगायची," मावशी म्हणाली. "पण तो भाऊ कोण, ते तिलाही ठाऊक नव्हतं."

परतीच्या एसटीत गुरुजी बाबांना म्हणाले, "तुमची हरकत नसेल तर बैठकीत मी इतकंच सांगतो की नोंद मिळाली. कोणी काय केलं, ते सांगायची गरज नाही."

बाबा खिडकीबाहेर बघत होते. "मी सांगतंय," ते म्हणाले.

त्या रविवारी गाळ्यात बसायला जागा नव्हती. बातमी रातोरात पसरली होती. वरळीच्या बीडीडी चाळीतून आमचे लोक आले होते, गावचे दोन मानकरीही योगायोगानं मुंबईत होते. बाबा उभे राहिले. आयुष्यात कधी चार माणसांपुढे न बोललेला माणूस. हातात मी उतरवून दिलेल्या नोंदीचा कागद होता, तो त्यांनी उघडलासुद्धा नाही.

"ही शाखा बुडूक नाय," ते म्हणाले. "ती बुडवल्यान. माझ्या आज्यान बुडवल्यान. त्याका ठावक होता की भावाक झील आसा. त्याची निशाणी मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. त्याचो नातू म्हणान मी तुमच्यासमोर ह्या सांगतंय, आणि ह्या बायेची माफी मागतंय."

मग मानकऱ्यांपैकी म्हातारा होता तो उठला. पालखीपाशी हात बाजूला करणारा तोच. काठी टेकत मावशीपर्यंत आला आणि म्हणाला, "शिमग्याक ये. झिलाक घेवन ये. पयलो खांदो त्याचो."

टाळ्या अशा वाजल्या की खालच्या दुकानातली माणसं जिन्यात आली. गुरुजींनी कागद जमिनीवर उलगडला, गुडघ्यांवर बसले, स्वतःच्या पेनानं तो शब्द खोडला आणि पेन माझ्या हातात दिलं. मी धाकट्याच्या नावाशेजारी आधी त्याच्या बायकोचं नाव लिहिलं. वहीत तिचं नाव होतं, आणि आमच्या वंशावळीत तोवर एकाही बाईचं नव्हतं. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता अडवणार. ते म्हणाले, "बरोबर आहे. मग बाकीच्यांचीही घालावी लागतील. मागे जाऊन सगळ्यांची." बायकांच्या बाजूनं जो गलका उठला तो मला अजून ऐकू येतो. एकेक जण पुढे येऊन आपल्या सासूचं, आज्जेसासूचं नाव सांगू लागली. मी लिहिता लिहिता घामाघूम झाले.

निघताना मी म्हटलं, "मावशी, थांबा, मी येते सोडायला."

"मावशी कसली?" बाबा हसून म्हणाले. "काकी ती तुझी." संप सुरू झाल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

शिमग्याला आम्ही सगळे गावी गेलो. काकीच्या मुलानं खांदा दिला. त्यांचं गावात घर उरलेलं नव्हतं, म्हणून पालखी आमच्या अंगणात आली आणि देवीची पहिली ओटी काकीनं भरली. आईनं दुसरी.

बाबांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही. त्या दुःखाला वंशावळीचं औषध होतं असं मी म्हणणार नाही. काही वर्षं त्यांनी एका छापखान्यात कागद कापायचं काम केलं. पण रविवार त्यांचा होता. नाशिकची गोष्ट गिरणगावभर झाली होती आणि आता दुसऱ्या गावांची, दुसऱ्या जातींची माणसं आमच्या गाळ्यात येऊ लागली. आमचंही करून द्या, आमचं कुठे शोधायचं, असं विचारत. गुरुजींनी बाबांना मोडी शिकवली. पन्नाशी उलटलेला माणूस माझ्या शाळेतून आणलेल्या पाटीवर अक्षरं गिरवायचा आणि चुकलं की स्वतःवर चिडायचा. वर्षभरात ते नाशिकच्या वह्या एकटे जाऊन वाचून येऊ लागले.

एका रविवारी वरळी कोळीवाड्यातली एक वयस्क बाई आली. मासळी विकून सरळ बाजारातून आली होती, टोपली दाराबाहेर ठेवली होती. तिच्याकडे कागद नव्हता, तांब्या नव्हता, काही नव्हतं.

"माझ्याकडं लिवलेलं कायच नाय," ती म्हणाली.

"तोंडपाठ काय आहे?" बाबांनी विचारलं. तोवर ते पाहुण्यांशी असं छापील बोलायला शिकले होते.

तिनं डोळे मिटले आणि सुरू झाली. आजा, पणजा, त्याचा बाप, त्याची होडी, कोणाची बायको कुठल्या कोळीवाड्याची, कोण वादळात गेला, त्याचा मुलगा कोणी वाढवला. सात पिढ्या, एकदाही न अडखळता. गुरुजी खुर्चीवरून उठून जवळ येऊन बसले.

"बाय, जरा सावकाश," बाबा म्हणाले. त्यांनी कोरा कागद ओढला, पट्टी लावली आणि सर्वांत वर पहिलं नाव लिहिलं. "हं. आता सांग. याचे मुलगे किती, आणि मुली किती?"