पापडांच्या दुकानावरच्या बाई

“नेहमी नको. वार सांग.”

हे वाक्य ज्याने बाईंच्या तोंडून ऐकलं नाही त्याने पेणमध्ये संसारच केला नाही, असं काही मी म्हणणार नाही. पण भांडण मात्र नीट केलं नाही, एवढं नक्की.

समोरच्या खुर्चीतला नवरा सुरू व्हायचा, “ही नेहमी माझ्या आईला...” की बाई चष्मा काढून मांडीवर ठेवायच्या आणि ट्रॅफिक हवालदारासारखा तळहात पुढे करायच्या. “नेहमी नको. वार सांग. त्या दिवशी काय झालं, तेवढंच.” मग तो बिचारा आठवत बसायचा. सोमवार की मंगळवार? आठवता आठवता निम्मा राग उतरायचा, कारण वार सापडला की गोष्ट बहुतेक वेळा लहानच निघायची.

बाई मूळच्या अष्टमीच्या, रोह्याचा पूल ओलांडला की पलीकडे. बरीच वर्षं नर्सची नोकरी केलेली, आणि चाळिशी उलटल्यावर मुंबईला जाऊन समुपदेशन रीतसर शिकून आलेल्या. पेणला पापडांच्या दुकानावर त्यांनी एक खोली घेतली आणि बाहेर पाटी लावली : ‘पती-पत्नी समुपदेशन’. आठ दिवसांत कुणीतरी पाटीखाली कोळशाने लिहिलं, ‘मोडके संसार रिपेर करून मिळतील.’ दुकानदार ओशाळून पाण्याची बादली घेऊन आला. बाईंनी त्याला परत पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी पेंटर बोलावून तीच अक्षरं लाल रंगात गिरवून घेतली.

“खोटं काय लिवलंय? फुकटची जाहिरात हाय.”

“अहो बाई, रस्त्यावरून लोक बघतात.”

“बघू देत. आज बघतात, उद्या वर येतात.”

आपल्याकडे जोडपं एकटं कधी येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. बरोबर मामा, थोरला दीर, गावकीतला एखादा जाणता. बाई सगळ्या लवाजम्याला खाली दुकानाच्या बाकावर बसवायच्या. एकदा असेच एक मामा जिन्यातून ओरडले, “स्वतःचा संसार टिकवता नाय आला, नि लोकांना शिकवतेय!” खरं होतं ते. बाईंनी तरुणपणीच नवरा सोडला होता. त्या जिन्याच्या तोंडाशी आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “व्हय, नाय टिकला. मला तेव्हा चढून जायला अशी खोली नव्हती. तुमच्या भाचीला हाय. तुम्ही खाली बसा, चहा पाठवते.”

हे मी ऐकलं, कारण आमची पाळी त्यांच्यानंतर होती.

होय, आमची. आज मी हे सरळ लिहितो आहे, पण तेव्हा जिना चढताना मी तोंडावर रुमाल धरायचो आणि उतरताना दुकानातून पापड घ्यायचो. कुणी विचारलंच तर हातात पुरावा नको का? उडदाचे, पोह्याचे, मिरीचे. आमच्या दोन खोल्यांत माणसं तीन आणि पापडांचे डबे नऊ झाले.

मी रोह्याला कंपनीत ऑपरेटर, राहायला पेणला. लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा बायकोचं सहाव्या महिन्यातलं बाळ पोटातच गेलं. त्यानंतर आमच्यात बोलणं उरलं ते एवढंच : गॅस संपलाय, डबा ठेवलाय. एका अंथरुणावर दोघं दोन काठांना. मला वाटायचं, वेळ गेला की होईल सगळं ठीक. असं करत दोन वर्षं गेली. मग एके सकाळी तिने पिशवी भरून दारात ठेवली.

“मी गागोद्याला भावाकडं जाते. नायतर त्या बाईंकडं चला. दोनातलं एक सांगा.”

आई मध्ये पडली, “आम्ही काढली नाय पन्नास वर्षं? कुणाच्या दारात गेलो?”

“काढली ना आई,” बायको म्हणाली. “मला काढायची नायत.”

बाईंनी पहिल्या दिवशी आम्हाला भांडूच दिलं नाही. मला विचारलं, “कंपनीत शिफ्ट बदलते तेव्हा काय करता रे?”

मला हा प्रश्न बरा वाटला. मी सांगितलं : आम्ही चार्ज देतो. जाणारा माणूस येणाऱ्याला सांगतो, कुठला व्हॉल्व्ह उघडा आहे, कुठे तापमान चढतंय. येणारा ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवतो. त्याशिवाय जाणारा हलत नाही.

“आणि येणारा म्हणाला, ‘तू नेहमीच व्हॉल्व्ह उघडा टाकतोस’, तर?”

“तर स्फोट होईल बाई.”

“मग घरात काय वेगळं होणाराय? रोज पाव तास. ती सांगेल, तू परत म्हणून दाखवायचंस. मग तू सांग, ती म्हणेल. सल्ला नाय, उत्तर नाय, हसणं नाय.”

सोपं वाटतं? करून बघा. बायको म्हणाली, “मला घरात एकटं वाटतं.” मी परत सांगितलं, “तिला आईचा त्रास होतो.” तळहात पुढे आला. “असं ती बोलली का?” चार शब्दांचं वाक्य मला चौथ्या खेपेला नीट म्हणता आलं. मी आठ तास मशिनचा आवाज ओळखणारा माणूस!

महिन्याभराने बाईंनी तिला विचारलं, “तुझ्या मनातला वार कोणता गो?”

“गुरुवार,” ती म्हणाली. “हास्पिटलातला. हे फार उशिरा आले. बोलले, गाडी लेट होती. पण शेजारची वहिनी त्याच गाडीनं रोह्यावरून आली नि माझ्याजवळ बसली. गाडी टायमात होती. दोन वर्षं मी विचार करते, हे व्हते कुठं?”

“काय ऐकलंस?” बाई मला म्हणाल्या.

“गाडी वेळेवर होती. मी खोटं बोललो. मी कुठे होतो, ते तिला माहीत नाही.”

“आता तू सांग.”

मी सांगितलं. निरोप मिळाला, सुट्टी मिळाली, गाडीही मिळाली. आणि पुढच्याच स्टेशनावर, निडीला, मी उतरलो. तिच्यासमोर कोणतं तोंड घेऊन जायचं तेच कळेना. बाकावर बसून राहिलो, पुढची गाडी येईपर्यंत. भ्यालो होतो.

बायकोने परत म्हटलं, “हे निडीला उतरले. बाकावर बसले. भ्याले होते.” मग जे म्हणायचं नव्हतं तेही म्हणाली, “मला वाटलं, ह्यांना रडूच आलं नाय.”

“रडत होतो,” मी म्हणालो. “म्हणून तर उतरलो.”

मला वाटलं, आता बाई पाठीवर हात ठेवतील. कसलं काय! “तिला एकटीला टाकून रडलास. हे पण म्हण.” मी म्हटलं. ते वाक्य म्हणताना मला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नाही, आणि एवढं हलकंही कधी वाटलं नाही.

निघताना बाई म्हणाल्या, “हात धरायचा रोज. पुढची घाई नाय करायची. आणि एकदा तिला निडीला ने. बाक दाखव.”

हात धरला. पहिले काही दिवस दोघांचेही हात लाकडासारखे. पाव तासाचा अर्धा तास झाला. एका दुपारी पहिली शिफ्ट करून आलो, तर ती पापड तळत होती. नऊ डब्यांकडे बघून ती एकदम हसायला लागली आणि हसता हसता तिने कपाळ माझ्या खांद्याला टेकवलं. मी हात लांब करून गॅस बंद केला.

निडीला मात्र मी तिला नेलं नाही. जाण्याचं बंद झाल्यावरही बाई रस्त्यात भेटल्या की विचारायच्या, “निडी झाली का?” मी म्हणायचो, “पुढच्या आठवड्यात.” “वार सांग,” त्या म्हणायच्या. मी हसून टाळायचो. त्या बाकाची मला अजून भीती वाटत होती.

मग बाई वारल्या. आम्ही दोघं अष्टमीला त्यांच्या घरी गेलो. अंगणात पुरुष उभे, त्यांत आमच्या कंपनीतला शिफ्ट इनचार्ज, बाईंच्या आळीतलाच. मला बघून त्याने भुवया उंचावल्या. “तू इकडं कसा रे? वळख होती?”

तोंडात पापडांचं निमित्त तयार होतं. इतक्या वर्षांची सवय. पण त्या बाईने टवाळी लाल रंगात गिरवून घेतली होती, आणि तिच्याच अंगणात मी रुमाल धरू?

“आम्ही नवरा-बायको त्यांच्याकडं जायचो,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. “आमचं मोडत आलं होतं. त्यांच्यामुळं राहिलं.”

इनचार्ज स्वतःच्या चपलांकडे बघू लागला. ओटीवरच्या बायकांमधून माझ्या बायकोने वळून माझ्याकडे पाहिलं.

परतीची पेणची गाडी धरली. निडी आलं आणि ती उठली. मीही उठलो.

“कुठला?” फलाटावर उतरून तिने विचारलं.

मी दाखवला. आम्ही बसलो. गाडी निघून गेली. तिने माझा हात घेतला आणि दोन्ही हातांत धरून स्वतःच्या मांडीवर ठेवला. फलाटावर चार माणसं होती, ती वळून बघायला लागली. मी सवयीने हात काढून घ्यायला गेलो, तर तिने तो घट्ट धरला.

“बघू देत,” ती म्हणाली.