वास गेला की इख गेलं

माझ्या थोरल्या जाऊबाई, आक्का, रिकामा डबा कधी घराबाहेर जाऊ देत नसत. कापसावर फवारायच्या औषधाचा कॅन रिकामा झाला की तो राखेनं घासायच्या, उकळत्या पाण्यानं हिसळायच्या, उन्हात पालथा घालायच्या आणि शेवटी त्यात नाक खुपसून निकाल द्यायच्या, "वास गेला की इख गेलं." मग कुठल्या कॅनात गोडं तेल, कुठल्या कॅनात रानात न्यायचं पाणी.

लग्न होऊन मी ताडकळसला आले तेव्हा दहावी पास होते. म्हणजे माझ्या मते, जगात शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं. आक्कांनी मला एक निळा कॅन दिला. दहावी पास बाईनं त्यावरचं कवटीचं चित्र पाहिलं आणि लेबल सोलून टाकलं, कारण निळ्यावर ते शोभत नव्हतं. रंगावर भाळून तेल भरलं, चुलीशेजारी मिरवत ठेवलं. नवराही मी साधारण याच पद्धतीनं पसंत केला होता.

पुढं कितीतरी वर्षांनी, घरात नातसून आल्यावर, आक्का मंदावल्या. भर उन्हाळ्यात अंगावर गोधडी, चेहरा सुजल्यासारखा, आवाज बसलेला. जिची हाक पार बाजारापर्यंत जायची ती बाई बसल्या जागी पेंगू लागली. परभणीला रक्त तपासलं, तर थायरॉईड. रोज उपाशीपोटी गोळी, आणि त्यानंतर बराच वेळ चहा बंद.

मी विचारलं, "डॉक्टरबाई, हे फवारणीच्या डब्यांमुळं झालं का?"

"तसं ठाम सांगता येत नाही. काही कीटकनाशकांचा थायरॉईडवर परिणाम होत असावा, अशी शंका आहे. पण विषाच्या डब्यात तेल ठेवू नका, हे सांगायला थायरॉईड कशाला व्हावा लागतो?"

घरी येताच आक्कांनी कुऱ्हाड काढली. पुन्हा कुणी भरू नये म्हणून एकेका कॅनाला भोक पाडलं. आणि दुसऱ्या दिवसापासून गोळीही बंद केली.

"इख गेलं घरातून, आता गोळी कशाला? अन् चहाबिगर माझा दिवस उगवत न्हाई, इमल."

मी भांडले, रुसले. चहातच गोळी विरघळवून द्यायचा बेतही केला. नातसून सारिकानं अडवलं, "धाकट्या आजी, चहासंगं ती नीट लागू पडत न्हाई!"

त्याच सारिकाला दिवस गेले आणि तिच्याही रक्तात तेच निघालं. आईला थायरॉईड कमी पडलं तर बाळाच्या वाढीला धोका, एक दिवससुद्धा गोळी चुकवू नका, असं डॉक्टरबाईंनी बजावलं. पण एका सकाळी सारिकानं गोळी तशीच पाकिटात सारली. "आजी कुठं घेतात? डबे तर गेले की."

आक्कांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच ओट्यावरून हाक आली, बसक्या आवाजात, "सारिके, आण तुझी गोळी. दोघी संगं गिळू." तळहातावर स्वतःची गोळी घेऊन त्या बसल्या होत्या.

तेव्हापासून रोज आजेसासू-नातसून तोंड कडू करून ओट्यावर, आणि मी समोर मुद्दाम भुरके मारत चहा पिणार. "इमल, वर गेल्यावर तुला बिनसाखरेचा मिळंल," आक्का दातओठ खायच्या. पण त्या चुकल्या नाहीत. हळूहळू आवाज परत आला, गोधडी घडी होऊन फळीवर गेली. सारिकाला मुलगी झाली, ठणठणीत. आक्कांनी गावभर शेव-चिवडा वाटला.

गेल्या थंडीत आक्का झोपेतच गेल्या. पाहुणे पांगल्यावर पहिल्याच सकाळी सारिका ओट्यावर एकटी बसली होती, मुठीत गोळी धरून. मी चहा झाकून ठेवला आणि तिच्याजवळ जाऊन बसले.

"धाकट्या आजी, तुमी तरी प्या."

"गीळ आधी," मी दरडावून म्हटलं.

तिनं गोळी गिळली. आत चहा निवत होता. निवू दिला.